लाल गाडीची बदली

माझे वडील रेल्वेतून रिटायर झाले तेव्हा त्यांच्याबरोबरच्या ड्रायव्हर मंडळींनी शहाण्यासारखी कामं केली. कुणी परभणीत प्लॉट घेतला, कुणी राहिलेलं लग्न उरकलं, एकानं गावी जाऊन म्हशी बांधल्या. आप्पांनी नांदेडच्या एका डॉक्टरांकडून त्यांची जुनी स्पोर्ट्स सेडान विकत घेतली.

गाडीला दारं चार होती, म्हणून तिला घरगुती म्हणायचं. बाकी सगळा नूर शर्यतीचा. पोट जमिनीला टेकलेलं, डिकीवर पंख, मागं दोन सायलेन्सर आणि रंग असा लाल, की ती नुसती रस्त्याकडेला उभी असली तरी सायकलवाले आपोआप ब्रेक दाबायचे. वेगाच्या तबकडीवर शेवटचा आकडा दोनशे चाळीस होता. पूर्णेहून निघणाऱ्या कुठल्याही रस्त्यावर तो आकडा शोधायला गेलं असतं, तर पहिल्याच खड्ड्यात शोध संपला असता.

माय ओट्यावर आली. पदर खोचून तिनं गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, “ही गाडी हाय का घोरपड?”

“स्पोर्ट्स हाय,” आप्पा म्हणाले.

“मग तुमी काय खेळणार हिच्यात?”

आप्पा फडक्यानं बोनेट पुसायला लागले. ही गाडी का घेतली ते मला मात्र त्यांनी सांगितलं होतं. मालगाडी घेऊन जाताना एका ठिकाणी डांबरी रस्ता बराच वेळ रुळांना लागून जायचा. तिथं एकदा अशीच एक लाल गाडी त्यांच्या इंजिनाच्या बरोबरीनं धावायला लागली. आप्पांनी हॉर्न दिला, गाडीतल्या माणसानं हात बाहेर काढून उत्तर दिलं. थोडा वेळ दोघं शेजारीशेजारी गेले. मग त्या माणसानं गाडी दाबली आणि तो बघता बघता दिसेनासा झाला. “माझ्यामागं वाघिणींची ही मोठी रांग,” आप्पा म्हणाले, “आन् त्याच्यामागं कायबी न्हाई.” नोकरीची उरलेली सगळी वर्षं त्यांनी ती गाडी डोक्यात ठेवली होती.

इतकी हौस असलेला माणूस गाडी कशी चालवेल? आप्पा चाळिसानं चालवायचे. मोकळा, सरळ, कुत्रंसुद्धा नसलेला रस्ता असला तरी चाळीस. धाकट्या भावानं एकदा न राहवून विचारलं, “आप्पा, तुमी पॅसेंजर शंभरानं न्यायचे ना?”

“नेयचो. तिथं रूळ होते. इथं रूळ कुठं हाय?”

अशा रीतीनं ती गाडी आमच्याकडं आली आणि ट्रॅक्टर तिला ओलांडून जायला लागले. जाताना ट्रॅक्टरवाले मान वळवून आत बघायचे. एवढ्या भारी गाडीत कुणीतरी आजारी माणूस असणार, असं त्यांच्या तोंडावर दिसायचं.

आणखी एक गोष्ट होती. रेल्वेच्या इंजिनात दोन माणसं असतात आणि समोरचा सिग्नल दोघांनीही मोठ्यानं म्हणायचा असतो. एकानं म्हणायचं, दुसऱ्यानं तेच परत म्हणायचं, म्हणजे दोघांचे डोळे उघडे आहेत याची खात्री. आप्पांचा हा नियम रिटायर झाला नाही. शेजारच्या सीटवर माय असायची, म्हणून असिस्टंटची जागा तिला मिळाली.

“पुढं बैलगाडी, डावीकडं,” आप्पा म्हणायचे आणि थांबायचे.

माय गप्प बसली की गाडी हळू व्हायला लागायची. चाळिसाची तीस, तिसाची वीस. शेवटी ती वैतागून म्हणायची, “बैलगाडी, डावीकडं! दिसायली मला! आख्खी पूर्णा जाते या रस्त्यानं, कुणी बायकोकडनं बैलगाडी म्हणवून घेत न्हाई.”

पण माणसाला नोकरी लागली की तो ती करतोच. वर्षभरात माय आप्पांच्या आधी बोलायला लागली. तिला आप्पांपेक्षा लांबचं दिसायचं आणि तिचे सिग्नलही जास्त कामाचे असायचे. “उजवीकडं टमटम, वळणार हाय.” “पुढं मंडप, रस्त्यावर खुर्च्या.” “डावीकडं तुमची मावसबहीण उभी हाय, थांबू नका, दोन तास जातील.” आप्पा इमानदारीनं सगळं परत म्हणायचे. मावसबहीणसुद्धा.

गतिरोधक आला की आम्ही सगळे खाली उतरायचो, कारण भरल्या गाडीचं पोट घासायचं. आप्पा गाडी तिरपी करून एकेक चाक चढवायचे, आम्ही पलीकडं जाऊन उभे राहायचो आणि परत आत बसायचो. आत बसणं सोपं होतं, नुसतं पडायचं. बाहेर निघणं ही कला होती. परभणीच्या शाळेत मी गणित शिकवते; मी याच गाडीवर चालवायला शिकले, आणि खरं सांगायचं तर ती चालवण्यात जी मजा होती ती नंतर कशात आली नाही. क्लच जड, स्टिअरिंग जड, पण चाकाखाली खडा आला तरी हाताला कळायचा. माझा धाकटा भाऊ पुण्याला कॉम्प्युटरवर काहीतरी काम करतो. काय करतो ते त्यानं अनेकदा समजावून सांगितलंय आणि आम्ही माना डोलावल्यात. तो दिवाळीला आमच्यासाठी येतो असं म्हणायचा आणि आल्या आल्या किल्ली मागायचा. गाडी घेऊन सरळ बसमत रोडला निघून जायचा, येताना डोळे लाल आणि चेहरा लग्न ठरल्यासारखा. “शेवटची खरी गाडी हाय ही,” तो म्हणायचा. “आता बनवत न्हाईत अशा.”

कंपनीनं ते मनावर घेतलं असावं. तिनं ती गाडी बंद केली आणि तेच नाव ठेवून, पुढं एक अक्षर लावून नवीन काढली.

मागच्या वर्षी आप्पा फोनवर भावाला म्हणाले, “क्लच लय जड झालाय. बदलून टाकावं म्हणतो.” भावाला वाटलं क्लच. आप्पा गाडीबद्दल बोलत होते. हा घोळ मिटायला आठवडा गेला, तोवर भावानं पुण्यातल्या दुकानातून क्लचची प्लेट घेऊनही ठेवली होती. खरं कळल्यावर त्यानं आधी त्या प्लेटची किंमत सांगितली. मग एकदम उदार झाला.

“आप्पा, बाहेरच्याला देऊ नका. तिचंच नवीन मॉडेल घ्या तुमी, निम्मा भार मी उचलतो. जुनी मी घेऊन जातो पुण्याला. घरातली वस्तू घरात राहील.”

हे त्यानं इतक्या त्यागी आवाजात म्हटलं की मायला भरून आलं. मी शेजारीच बसले होते. मला नाही आलं.

नवीन गाडी आली. रंग करडा, कंपनीनं त्याला दुसरं काहीतरी नाव दिलं होतं, पण तो करडाच होता. जुनीपेक्षा उंच, रुंद, गुबगुबीत, म्हणजे तोच मुलगा लग्नानंतर दिसावा तशी. हँडब्रेकच्या जागी बटण, गिअरच्या जागी गोल खुंटी, तबकडीच्या जागी टीव्ही. ‘स्पोर्ट’ नावाचं एक बटण होतं. ते दाबलं की गाडी गुरगुरायची. भावानं व्हिडिओ बघून शोध लावला की तो आवाज इंजिनाचा नाहीच, स्पीकरमधून येतो.

“टेप लावलीय!” तो फोनवर ओरडला. “आप्पा, टेप लावलीय त्यांनी!”

“बरं झालं,” आप्पा म्हणाले. “नको असली तर बंद करता येते.”

मला वाटलं होतं की आप्पा या गाडीला चार दिवसांत कंटाळतील. भावाला तर खात्रीच होती. त्यानं मनातल्या मनात आप्पांचं दुःख वाटूनही घेतलं होतं. कारण ती गाडी सारखी बोंबलायची. पट्टा लावला नाही की टुंग. पांढऱ्या रेषेवर चाक गेलं की टुंग. मायनं शेजारच्या सीटवर कलिंगड ठेवलं तर कलिंगडाला पट्टा लावेपर्यंत टुंग टुंग. आत एक बाई होती, ती हिंदी आणि इंग्रजी बोलायची. आप्पा तिला म्हणायचे, “काच खाली घे गं बाई,” आणि ती म्हणायची की क्षमा करा, मला समजलं नाही. आप्पा आणखी मोठ्यानं तेच मराठीत म्हणायचे. मग माय बटण दाबून काच खाली घ्यायची.

पण आप्पा खूश होते. आणि खूश का होते ते त्यांनी मला एका रविवारी, परभणीला माझ्याकडं आले तेव्हा सांगितलं. रेल्वेच्या इंजिनात एक बटण असतं. ड्रायव्हर जागा आहे हे इंजिनाला दर थोड्या वेळानं कळवावं लागतं. नाही कळवलं तर इंजिन आधी दिवा लावतं, मग ओरडतं, आणि तरीही कुणी हललं नाही तर स्वतःच ब्रेक मारतं. “आयुष्यभर माझ्यावर कुणीतरी नजर ठेवून होतं,” आप्पा म्हणाले. “मग रिटायर झालो. त्या लाल गाडीत मी काय करायलोय, जागा हाय का झोपलोय, कुणाला फिकीर न्हाई. लय एकटं वाटायचं. ही बघ, इचारते तरी.”

नवीन गाडीला ड्रायव्हर दमल्याची शंका आली की टीव्हीवर कॉफीच्या कपाचं चित्र यायचं. बाकीचं जग ते चित्र बघून न बघितल्यासारखं करतं. आप्पांच्या लेखी तो सिग्नल होता आणि सिग्नल मोडायचा नसतो. कप दिसला की पुढच्या हॉटेलाशी गाडी कडेला, आप्पा खाली, चहा. त्या रविवारी पूर्णेहून परभणीला येईपर्यंत त्यांचा इतका चहा झाला होता की माझ्याकडं त्यांनी नुसतं पाणी मागितलं.

बिनसलं होतं ते मायचं. नवीन गाडीत ती एक शब्द बोलायची नाही. आप्पा सवयीनं म्हणायचे, “पुढं टमटम,” आणि माय खिडकीतून शेतं बघत बसायची.

“म्हण की.”

“मी कामून म्हणू? ती हाय की टुंग करायला.”

आणि ती दिसेल त्याला जुनी गाडी कशी चांगली होती ते सांगायची. जिला घोरपड म्हणाली होती तिचे गोडवे. जुनी कशी जमिनीला धरून चालायची, हिच्यात एसटीत बसल्यासारखं वाटतंय, जुनीच्या दाराचा आवाज कसा भरीव, हिचं दार म्हणजे डब्याचं झाकण. मला वाटलं, मायची नोकरी गेली, त्याचा हा राग आहे. भावानं अजून जुनी नेली नव्हती, ती घरापुढं कापड पांघरून उभी होती, आणि माय येता-जाता तिच्यावरून हात फिरवायची.

आत्याच्या घराची वास्तुशांती निघाली. आत्या म्हणजे आप्पांची थोरली बहीण, चारठाण्याची. भाऊ जुनी गाडी न्यायला तेव्हाच आला, आणि त्याच्या डोक्यात एक कल्पना होती. दोन्ही गाड्या बरोबर न्यायच्या. पूर्णा, परभणी, जिंतूर, चारठाणा. एकाच रस्त्यावर, एकाच दिवशी जुनी आणि नवी, म्हणजे दूध का दूध होईल. हे बोलताना तो नवीन गाडीकडं असा बघत होता की दूध कोणतं आणि पाणी कोणतं ते ठरलेलंच होतं.

निघताना आप्पांनी नवीन गाडीचं दार मायसाठी उघडलं. माय सरळ पुढं चालत गेली आणि जुनीत बसली.

“पोरगा पुण्याहून आलाय,” ती म्हणाली. “त्याच्याशी बोलत जाते.”

आप्पांनी उघडलेलं दार माझ्यासाठी तसंच धरलं. मी बसले.

परभणी ओलांडेपर्यंत काही झालं नाही. पुढं आम्ही चाळिसानं आणि मागं जुनी, गळ्यात दावं बांधल्यासारखी. भाऊ मध्येच मागं राहायचा, अंतर पडू द्यायचा आणि मग गाडी दाबून आमच्या अंगावर यायचा. तेवढ्यापुरता तिचा आवाज निघायचा. बोरीच्या अलीकडं कप दिसला, आम्ही चहा घेतला. भाऊ आप्पांना निलंबन म्हणजे काय ते समजावत होता, म्हणजे गाडीचं, स्प्रिंगांचं. आप्पांना वाटलं तो नोकरीतल्या निलंबनाबद्दल बोलतोय आणि ते काळजीनं ऐकत होते.

जिंतूर सोडल्यावर रस्ता टेकड्यांतून वळणं घेत जातो. एका वळणापलीकडं मेंढरांचा कळप रस्ता ओलांडत होता. आप्पांनी तो बघितला. “पुढं मेंढरं,” ते म्हणाले, आणि मी नवीन असल्यामुळं परत म्हणायचं विसरले. पाय त्यांनी ब्रेकवर आणलाच होता, पण एक मेंढी अचानक मागं फिरली आणि गाडीनं आमच्या दोघांचीही वाट न बघता स्वतःच करकचून ब्रेक मारला. पट्ट्यानं माझी छाती आवळली. मेंढी बोनेटसमोर वीतभर अंतरावर उभी राहून आत बघत होती. टीव्हीवर लाल अक्षरं आली. आप्पांच्या चेहऱ्यावर जे कौतुक उमटलं ते मी दहावीत गणितात पहिली आले तेव्हाही दिसलं नव्हतं.

मग मागून धाडकन आवाज आला, मेंढी उडी मारून पळाली आणि आम्ही आणखी थोडे पुढं सरकलो.

जुनी नवीला भिडली होती. आत काय झालं ते नंतर मायनं सांगितलं. तिनं वळणावरच मेंढरं बघितली होती आणि म्हटलंही होतं, “पुढं मेंढरं.” भाऊ म्हणाला, “माय, हे बघ, स्टिअरिंग कसं हातात बोलतंय.” ती परत म्हणाली, “अरे, मेंढरं!” भाऊ म्हणाला, “नवीनमध्ये हे फीलिंगच न्हाई.” आणि मग ते फीलिंग आलं.

कुणाला खरचटलंही नव्हतं. जुनीचं बोनेट मधोमध उचललं गेलं होतं आणि नवीच्या मागच्या बंपरला खळी पडली होती. भाऊ खाली उतरून दोन्ही हात डोक्यावर घेऊन उभा राहिला. आप्पांनी त्याच्याकडं बघितलंही नाही. रुळावर गाडी थांबली की पहिलं काम मागून येणाऱ्याला थांबवायचं, भांडण नंतर. लाल झेंडी नव्हती. आत्याच्या आहेरात एक लाल खण होता. आप्पांनी तो पिशवीतून काढला, वळणापर्यंत चालत गेले आणि हात सरळ धरून तो दाखवत उभे राहिले. मागून आलेली एसटी थांबली. जिंतूरची एक जीप थांबली. एसटीच्या ड्रायव्हरनं खिडकीतून विचारलं, “काय काका, लग्न हाय का?”

मेंढपाळ पलीकडच्या कडेला काठीवर रेलून फोनवर बोलत होता. “न्हाई, न्हाई, मेंढरं समदी हायत,” तो कुणाला तरी सांगत होता. “दोन गाड्या हायत. घरातल्याच भिडल्यात आपापसात.” मग फोन खाली करून त्यानं भावाला विचारलं, “भांडण कायचं होतं?”

रस्ता मोकळा झाल्यावर आप्पांनी चौकशी बसवली. खरंच बसवली, लिंबाखालच्या दगडावर. रेल्वेत दोन गाड्या इतक्या जवळून चालवत नाहीत. मागच्याला सिग्नल देणारा कोण होता? भाऊ म्हणाला, तुमची गाडी विनाकारण थांबली. आप्पा म्हणाले, कारण मेंढी होतं. भाऊ म्हणाला, माणूस असता तर हळू थांबला असता, मशीन आडमुठं असतं. आप्पांनी मायला विचारलं, असिस्टंटनं सिग्नल म्हटला होता का?

“दोनदा,” माय म्हणाली.

“परत म्हटला गेला का?”

“न्हाई.”

आप्पा उठले. “झालं मग.” खणाची नीट घडी करून त्यांनी तो पिशवीत ठेवला. आत्याला तो ओटीत देताना मायनं त्याची हकिकत सांगितली नाही.

बोनेट दोरीनं बांधून आम्ही चारठाण्याला पोचलो. आत्याच्या दारापुढं पाहुणे जमले होते आणि आमच्या गाड्या बघून पूजेचा विषय मागं पडला. मी आणि आप्पा आधी उतरलो होतो. जुनी मागून आली, भाऊ उतरून लगेच बोनेटकडं धावला, आणि माय एकटीच आत राहिली. मग तिनं दार उघडलं. आधी एक पाय बाहेर टाकला. दाराला धरलं. दुसरा पाय ओढून घेतला. थांबली. ओठ आवळून, एक हात गुडघ्यावर आणि एक छताच्या कडेला लावून तिनं स्वतःला वर उचललं, आणि उभी राहिल्यावर पदर सारखा करून असं इकडंतिकडं बघितलं की जणू काही झालंच नाही.

आप्पा माझ्या शेजारी उभे होते. “बघितलंस?” ते हळूच म्हणाले. “दोन वर्षं झाली असंच उठायलीय. तिला वाटतं मला दिसत न्हाई.”

“म्हणून बदलली गाडी?”

“सांगितलं असतं तर तिनं बदलू दिली असती का? म्हणून क्लच जड म्हणालो.”

जेवणं झाल्यावर मी मायला ओसरीवर एका बाजूला घेतलं. मला वाटलं, आपल्याकडं एक मोठं गुपित आहे आणि ते सांगितल्यावर माय रडेल. मी सांगितलं. मायनं सुपारी कातरत ऐकून घेतलं.

“मला म्हाईत हाय,” ती म्हणाली.

“मग नवीनला नावं कामून ठेवतीस?”

“अगं, त्यांचा जीव हाय त्या लाल गाडीत. नोकरीभर तेच एक बघितलं त्यांनी. माझ्या गुडघ्यापायी ती पुण्याला जायची का? मी म्हणलं, मी रोज जुनीचं नाव घेतलं तर ते ठेवून घेतील.” मग थोडं थांबून म्हणाली, “गुडघ्याचं काय, गुडघे दुखतच असतात.”

हे ऐकल्यावर माझ्यातली शाळेतली बाई गप्प बसेना. मी सरळ मांडवात गेले. आप्पा चार पाहुण्यांना घेऊन नवीन गाडीपाशी उभे होते आणि मेंढीपुढं ती कशी थांबली ते हातवारे करून सांगत होते. त्यांना बाजूला घेऊन मी म्हटलं, “आप्पा, जुनी ठेवून घ्या. तुमचा जीव हाय तिच्यात म्हणून माय एवढे दिवस त्रास काढायलीय.”

आप्पांनी माझ्याकडं खऱ्या आश्चर्यानं बघितलं. “कुणाचा जीव?”

“तुमचा. लाल गाडीत.”

“त्या डबड्यात?” आप्पा म्हणाले. “होता की. होता तेव्हा होता. ही आल्यावर कोण बघतंय तिच्याकडं? माझी कंबर मोडायची आली होती त्या क्लचनं.”

माय माझ्या मागोमाग आली होती, हे मला माहीत नव्हतं. तिच्या हातात अजून अडकित्ता होता. आप्पांनी तिला बघितलं आणि ते एक पाऊल मागं सरकले.

“मी या माणसासाठी गुडघे मोडून घ्यायले होते,” माय मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “आन् ह्यांना डबडं!”

येताना ती नवीन गाडीत बसली. पुढंच, आपल्या जागेवर, पण जिंतूरपर्यंत एक अक्षर बोलली नाही. आप्पाही गप्प. गाडीतली बाईसुद्धा का कोण जाणे गप्प होती. ऊन मी म्हणत होतं. बोरीच्या जवळपास मायनं सीटवर हात ठेवला, मग पाठ थोडी पुढं घेतली, परत टेकवली.

“ह्या खुर्चीतनं गार वारं येयलंय का?” तिनं विचारलं.

“येतंय,” आप्पा म्हणाले. “बटण हाय. तू कधी इचारलंच न्हाईस.”

परभणी येईपर्यंत तिनं ते बटण बरेचदा कमी-जास्त करून बघितलं.

जुनी दुरुस्त होऊन पुण्याला गेली. भावाच्या सोसायटीत तळघरात उतरायच्या उतारावर एक उंचवटा आहे, तो तिला पार होत नाही. त्यामुळं शेवटची खरी गाडी बाहेर रस्त्यावर कापड घालून उभी असते आणि भाऊ तिचे फोटो पाठवतो. अधूनमधून तो पहाटे उठून तिला फिरवून आणतो. त्यातच त्याला सगळं मिळतं म्हणतो, आणि मला ते खरं वाटतं. कारण मलाही करडी गाडी चालवताना हाताला काही कळत नाही. मी ते आप्पांना सांगितलेलं नाही.

पुढं जे झालं ते आमच्या कुणाच्याच हिशोबात नव्हतं. एका सुट्टीच्या सकाळी माय मला म्हणाली, “हिला क्लच न्हाई ना?”

“न्हाई.”

“गिअर टाकायचा न्हाई?”

“आपोआप पडतो.”

“मग राहिलं काय?”

रेल्वे क्वार्टरांच्या मागच्या मैदानावर मी तिला शिकवलं. आप्पांना यायची बंदी होती. पहिल्यांदा तिनं गाडी सुरू करून पाय सोडला तेव्हा गाडी आपली आपण मुंगीच्या पावलानं निघाली आणि मायनं स्टिअरिंग असं धरलं की जणू गाडी पळून जाईल. मैदानात चरणाऱ्या शेळ्या उठल्याही नाहीत. पण आयुष्यभर शेजारच्या सीटवरून रस्ता वाचलेल्या बाईला रस्ता शिकवावा लागला नाही. फक्त हातपाय शिकवायचे होते. लायसन्स निघालं त्या दिवशी तिनं ते देवापुढं ठेवलं आणि नंतर ब्लाउजमध्ये.

या पोळ्यानंतर ती सोनपेठजवळच्या तिच्या माहेरी गेली. मी शेजारी होते. मामा अंगणात खाटेवर बसले होते. करडी गाडी लिंबाखाली थांबलेली बघून ते लगबगीनं उठले आणि पुढं नुसत्या बायका बघून आप्पांना नमस्कार करायला त्यांनी मागचं दार उघडलं. मागं कुणी नव्हतं. मग ते मान घालून आतल्या कोपऱ्यात बघायला लागले.

“दाजी कुठं हायत?”

“घरी,” माय ड्रायव्हरच्या दारातून उतरत म्हणाली. सरळ उतरली, कशालाही न धरता.

“मग गाडी कुणी आणली?”

मायनं किल्ली त्यांच्यापुढं धरली. मामी मात्र घरातून धावत आली, चूल तशीच टाकून, आणि मायच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसली. “मारोतीपर्यंत ने मला,” ती म्हणाली. तिला आणून सोडलं तर मामीची शेजारची जाऊ उभी होती. तिच्यामागं आणखी दोघी. दुपारभर माय गल्लीतल्या बायकांना मारोतीपर्यंत नेत आणि आणत होती. मी ओसरीवर चहा पीत बसले. मामा खाटेवर बसून पेपर वाचत होते, पण पान उलटत नव्हते.

शेवटी एकदा गाडी रिकामी परत आली तेव्हा ते उठून काचेपाशी गेले आणि खाकरले.

“मला एकदा—”

“बसा की,” माय म्हणाली. “मागं बसा. पुढं वहिनी येयलीय परत.”